मिठघाटावरची दोरी

मिठघाट नकाशात शोधायच्या भानगडीत पडू नका, सापडायचा नाही. चांद्याहून दक्षिणेला जंगल तुडवत निघावं, भामरागडाकडून येणारं पाणी मोठ्या नदीला मिळतं त्याच्याही खाली जावं, तिथं हे बंदर होतं. हो, बंदरच. सागवानाच्या रानात बंदर कुठून आलं म्हणून हसणारे पुष्कळ भेटतात, त्यांनी खुशाल हसावं. इथून सुटलेले सागाचे तराफे एका नदीतून दुसऱ्या नदीत जात जात थेट समुद्राला लागायचे आणि परतीच्या नावा मीठ भरून वर यायच्या. वाघ आणि समुद्र दोन्ही पाहिलेली माणसं एकाच पारावर बसून बिडी ओढतात असं दुसरं गाव असेल तर दाखवा.

हे काम करणाऱ्यांच्या जमातीला खारी जमात म्हणत. ही जात नव्हे. तीत ढिवर होते, भोई होते, चार घरं गोंडांची होती, सिरोंच्याकडचे तेलुगू बोलणारेही होते. समुद्राचं पाणी एकदा चाखून परत आला तो खारा झाला. मग मुखिया त्याच्या तळहातावर मिठाचा खडा ठेवायचा आणि तो चाटला की माणूस जमातीला बांधला जायचा. बाहेरच्या कोणाशी बोलायचं तर मुखियानंच बोलायचं, बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, हा एक कायदा. दुसरा कायदा दोरीचा.

घाटाच्या जरासं खाली डोहाचं पाणी खडकांच्या फटीतून उतरतं. भर उन्हाळ्यातसुद्धा तिथं धार असते. त्यामुळे नाव काठाला लावायची तर नुसत्या बांबूनं भागत नाही. नावेवरच्यानं दोरी फेकायची आणि काठावर जो असेल त्यानं ती झेलायची. जो असेल त्यानं, बरं का. बांधावरून डोकी फुटलेली असोत, कोर्टात केस चालू असो, एकमेकांच्या घरचं पाणी बंद असो, दोरी आली की झेलायची. मिठघाटावर कोणाची दोरी पाण्यात पडली असं कधी झालं नव्हतं.

इस्तारीला हे कोणी शिकवायची गरज नव्हती. तो लहान असताना बापासोबत नावेत होता आणि मधल्या धारेत बापाचा पाय घसरला तो घसरलाच. पोरगं एकटं नावेत, नाव फटीकडे चाललेली. पोरानं रडत रडत दोरी फेकली, ती पुरती काठापर्यंतही पोचली नाही. तेव्हा काठावरचा एक नावाडी, डोमा, छातीभर पाण्यात शिरला, दोरी धरली आणि पोराला ओढून घेतलं. पुढे त्यानंच इस्तारीच्या हातात बांबू दिला, समुद्र दाखवला, तळहातावर मीठ ठेवलं, कुंता नावाची मुलगी बघून लग्नही लावून दिलं. डोमा मुखिया झाला तेव्हा सगळ्यांत जास्त छाती फुगली ती इस्तारीची. डोमाभाऊ म्हणेल ती पूर्व. कुंता कधीमधी चिडवायची, "तुमचं लगन माह्याशी झालं का भाऊशी?" इस्तारी हसून सोडून द्यायचा.

आता नावा निजवण्याचं सांगितलं की मग पुढे जाऊ. वैशाखाच्या उन्हात नाव कोरडी पडली तर लाकूड तडकतं. म्हणून मोठ्या डोहात नेऊन, दगड भरून, नाव पाण्याखाली बसवायची. जागा कळावी म्हणून वर एक बांबू रोवून ठेवायचा. मृग लागला की दगड काढून नाव वर आणायची. पाण्याखाली लाकूड सुखात असतं. यालाच नाव निजवणं म्हणतात. मुखियाची नाव सगळ्यांत शेवटी, आणि ती निजताना कोणी बघायचं नाही. सगळ्या जमातीनं काठावर नदीकडे पाठ करून उभं राहायचं. मुखियाची नाव बुडताना दिसली तर जमात बुडते, असं म्हातारी माणसं सांगत. खरं असेल, खोटं असेल, पण आजवर मान वळवलेली नव्हती कोणी.

तर नदीपलीकडची निजामशाही जाऊन थोडी वर्षं झाली होती, पहिली निवडणूकही होऊन गेली होती, आणि त्या साली शिमग्याच्या सुमारास गावात बातमी आली. घाट आता एका ठेकेदाराला द्यायचं चाललं आहे. माणसं पार करायची, तराफे सोडायचे, सगळा हक्क त्याचा. ठेकेदार पलीकडच्या काठावर लाकडाची रास घालून बसलाच होता. तो पान खाऊन इतकं गोड बोलायचा की ऐकणाऱ्याला आपला खिसा चाचपून बघावासा वाटे. खारी जमात पिढ्यान्‌पिढ्या घाट चालवत आली होती, तिला कोणी विचारलंच नाही. डोमा दोनतीनदा चांद्याला जाऊन आला. परत आल्यावर त्यानं जमात बसवली.

"चांद्याचा साहेब स्वतः घाट पाहाले येनार हाये," डोमानं मिठाचा खडा हातात घेऊन सांगितलं. "आपल्या नावा चालतानी दिसल्या तं घाट आपला. पन तो मृग लागल्यावर येते. तवापर्यंत ठेकेदाराले कसं जेरीस आनाचं, ते ऐका. नावा आत्ताच निजवून टाका. घाटावर एक नाव दिसली नाई पायजे. त्याचं लाकूड जागच्या जागी पडून राह्यलं का तोच हात जोडत येते."

बेत चांगला वाटला. खरं सांगायचं तर फारच चांगला वाटला. गोड बोलणाऱ्या माणसाला हात जोडायला लावायचं कोणाला आवडणार नाही? पोट्ट्यांनी तिथल्या तिथं त्याची नक्कल करून दाखवली. फक्त गुणाबाई हसली नाही. गुणाबाई म्हणजे जमातीतली म्हातारी विधवा. नवऱ्यामागं तिच्याकडे एकच नाव उरली होती, ती भाच्याच्या हातानं चालवून ती दोन घास खायची.

"मी नाई निजवत," ती म्हणाली. "अजून वैशाख दूर हाये. नदीत पानी हाये, लोकं पार जाऊन राह्यले. चालती नाव काऊन बुडवाची?"

तिच्या बोलण्यानं झिंगू नावाडीही डळमळला. त्याच्यामागं आणखी काही जण कुजबुजू लागले. डोमानं इस्तारीकडे पाहिलं, बस. तेवढं पुरे होतं.

इस्तारी संध्याकाळी गुणाबाईच्या अंगणात जाऊन बसला. तिनं कुटाराची, म्हणजे भुशाची, टोपली बाजूला केली आणि त्याच्या पुढ्यात पाण्याचा गडवा ठेवला.

"बाई, भाऊनं मीठ हातात घेऊन सांगतलं हाये. थो आपल्याले खड्ड्यात घालन का?"

"डोमाचं मले मालूम नाई बापू. तू आपलं सांग."

"मी आहो ना. काई झालं तं माहा गळा धरजा तुमी."

"बघ हो," म्हातारी म्हणाली. "मी डोमाच्या शब्दावर नाई निजवत. तुह्या शब्दावर निजवतो."

दुसऱ्या दिवशी ती स्वतः लुगडं खोचून पाण्यात उतरली आणि नावेत पहिला दगड तिनंच ठेवला. ते पाहून झिंगूनं मुकाट्यानं आपली नाव डोहात आणली. मग सगळ्यांनीच आणल्या. दिवसभर दगड वाहण्याचं काम चाललं. एकेक नाव भरत आली की कडेवरून पाणी आत शिरायचं आणि तळाशी जाता जाता नाव एक घुटका घ्यायची, तहानलेल्या म्हशीसारखा, मोठा आणि खोल. त्या आवाजावरून नाव नीट बसली की नाही ते नावाड्याला कळतं. इस्तारीच्या नावेनं घुटका घेतला तेव्हा तो तिचा बांबू हातातून सोडेना. नवी नाव होती, कुंताची चांदीची कडी मोडून घेतलेली.

ऊन उतरता उतरता फक्त डोमाची नाव उरली. जमातीनं रिवाजाप्रमाणे काठावर रांग केली आणि नदीकडे पाठ फिरवली. समोर सागाचं रान, मागं पाणी. मागून दगडांचा आवाज येऊ लागला, डुबुक डुबुक. डोमा एकटाच दगड टाकत होता. बराच वेळ आवाज आला, मग थांबला. इस्तारी कान देऊन घुटक्याची वाट बघत होता. तो काही ऐकू आला नाही. वारा सुटला आहे, त्यात विरला असेल, त्याच्या मनात आलं. तेवढ्यात डोमा ओल्या अंगानं वर आला आणि म्हणाला, "झालं गा. फिरा आता." सगळे फिरले. डोहात बांबूच बांबू उभे होते आणि सगळ्यांत पुढे डोमाचा बांबू, त्याला लाल चिंधी बांधलेली. नदीचं पात्र कसं स्वच्छ, रिकामं दिसत होतं.

डोमा दुसऱ्या दिवशी चांद्याला गेला. साहेबाच्या कानावर घालत राहतो, म्हणाला. कुंतानं वाटेला भाकरी बांधून दिली.

रिकामे दिवस फार वाईट. नावाडी पारावर बसून नदीकडे बघत राहायचे. कोणी मोहफुलं वेचायला जाई, कोणी जाळं विणायला घेई. पलीकडे ठेकेदाराचं लाकूड पडून होतं, पण तो काही हात जोडत आला नाही. उलट त्यानं काठावर मांडव घालून घेतला. झिंगू म्हणाला, "थो तं हसून राह्यला गा." इस्तारीनं त्याला गप्प केलं. भाऊ येईल, भाऊला सगळं ठाऊक आहे, हेच तो घरी, पारावर, गुणाबाईच्या अंगणात सांगत सुटला. जितकं जास्त सांगे तितका त्याला स्वतःलाच संशय येई, पण कबूल कोणाकडे करणार.

आणि मग मृग लागायच्या कितीतरी आधी, वैशाख अजून डोक्यावर तापत असताना, एक दिवस सकाळी पोरं ओरडत आली की पलीकडून नाव येत आहे.

नाव? कोणाची नाव? नदीत तर नावच नव्हती. सगळे काठावर धावले. डोळ्यांवर हात धरून पाहतात तो नावेत मधोमध खुर्ची ठेवलेली, खुर्चीवर सोलाहॅट घातलेला साहेब, त्याच्या बाजूला ठेकेदार छत्री धरून. आणि मागं बांबू हाती धरून उभा होता डोमा. डोमा, आणि त्याच्या पायाखाली डोमाची नाव.

इस्तारीनं आधी डोहातल्या लाल चिंधीकडे पाहिलं, मग नावेकडे, पुन्हा चिंधीकडे. तो बांबू नुसत्या रेतीत रोवलेला होता. जे दगड त्यांनी पाठ करून ऐकले ते पाण्यात पडले होते, नावेत नाही. आणि साऱ्यांच्या पाठीमागं ही नाव खालच्या झाडोऱ्याआड लपली असेल, मग रात्रीतून पलीकडे गेली असेल. एवढ्यात धारेपाशी आल्यावर डोमानं दोरी फेकली. समोर झिंगू होता, त्यानं ती झेलली. रिवाजच तसा होता, हात आपोआप गेले.

साहेब माणूस वाईट नव्हता. उतरल्या उतरल्या त्यानं सगळ्यांना सावलीत यायला सांगितलं. मग विचारलं, "हा घाट चालवतं कोण? तुमच्या नावा कुठे आहेत?"

बोलायचं मुखियानं. सगळी जमात डोमाच्या तोंडाकडे बघत राहिली. आणि खरी गोष्ट सांगतो, तेव्हासुद्धा इस्तारीला वाटत होतं की भाऊचा काहीतरी डाव असेल. ठेकेदाराच्या गोटात शिरून भाऊ त्यालाच गोत्यात आणत असेल. आता तो साहेबाला सांगेल, नावा डोहात आहेत, या दाखवतो. माणसाचा जीव एखाद्यावर असला की डोळ्यांसमोरचं दिसत असूनही दिसत नाही, त्याला इलाज नाही.

"आणि हे बांबू कसले?" साहेबानं डोहाकडे हात केला.

"मोडक्या नावा हायेत साहेब," डोमा शांतपणे बोलला. "जुन्या, सडलेल्या. कामाच्या राह्यल्या नाई म्हून बुडवल्या लोकायनं. चालती नाव घाटावर एकच, ते ही."

ठेकेदारानं पान थुंकून मान डोलावली. गुणाबाईच्या तोंडून बारीक आवाज निघाला. तेव्हा कुठं इस्तारीची वाचा फुटली. आयुष्यात पहिल्यांदा तो मुखियाला डावलून बोलला.

"साहेब, थो खोटं बोलते. नावा चांगल्या हायेत. निजवल्या हायेत आमी. माही तं नवीन हाये, आत्ता काढून दाखवतो."

"निजवल्या?" साहेबाला शब्द समजला नाही. "चांगल्या नावा तुम्ही स्वतःच बुडवल्या? आणि त्याही घाट चालू असताना? का?"

का, याचं उत्तर इस्तारीला देता येईना. ठेकेदाराला जेरीस आणायला, असं सांगावं तर ठेकेदार समोरच उभा. लोक पार जायला ताटकळले, ते तुमच्यामुळेच ना, असं साहेबानं विचारलं असतं तर त्यालाही उत्तर नव्हतं.

साहेबानं डोमाकडे बोट दाखवलं. "हा तुमचा मुखिया आहे की नाही, तेवढं सांग."

इस्तारीनं मान खाली घातली. बाकीची जमात त्याच्याकडे बघत होती. खोटं बोलायचं होतं तर हीच वेळ होती. पण ज्या माणसानं तळहातावर मीठ ठेवलं त्याला मुखिया नाही असं म्हणायला त्याची जीभ वळेना.

"हाये साहेब," तो म्हणाला.

संपलं तिथंच, मुखियाचा शब्द तोच जमातीचा शब्द. साहेबानं घाट फिरून पाहिला, रिकाम्या पाण्याकडे पाहिलं, ठेकेदाराशी दोन शब्द बोलला. जाताना तो म्हणाला की घाट बंद ठेवून चालणार नाही, ज्याच्याकडे नाव आहे त्यानं चालवावा, यंदापासून घाट ठेकेदाराचा.

साहेब नावेत चढत होता तेवढ्यात डोमा इस्तारीजवळ आला. आवाज खाली आणून बोलू लागला, लहानपणी बोलायचा तसाच.

"रागावू नोको बापू. घाट जानारच होता. आज नाई तं उद्या मोटारबोट येते, मंग आपन सारेच बुडलो असतो. म्या दोघांपुरती जागा ठेवली हाये, एक माही, एक तुही. उद्या पलीकडे ये, माह्या नावेवर तू बांबू धर. कुंताले उपाशी ठेवतं का?"

"आन गुणाबाई?" इस्तारीनं विचारलं.

"साऱ्याईले नाई घेता येत."

"मले काऊन नाई सांगतलं मंग? आधीच?"

डोमा नावेकडे वळला. "तुले सांगतलं असतं तं तुनं म्हातारीची नाव निजवली असती का?"

हे बोलून तो नावेवर गेला. बाप धारेत गेला तेव्हा इस्तारीला एवढं दुखलं नव्हतं. तेव्हा तो लहान होता, आणि नदीनं त्याला काही कबूल केलं नव्हतं. इथं तर त्याचाच गोड शब्द काढून घेऊन डोमानं साऱ्यांच्या नावा बुडवल्या होत्या. ठेकेदाराला डोमा लागला, डोमाला इस्तारी लागला. केसानं गळा कापणं यालाच म्हणत असतील.

गुणाबाई त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. त्यानं तिला सांगितलंच होतं, माझा गळा धरा म्हणून. त्यानं मान पुढे केली. म्हातारीनं काही गळा धरला नाही. ती फक्त म्हणाली, "माही नाव वर काढून दे बापू. कुठी चालवू नाई चालवू, पन पान्याखाली नोको ठेवू तिले."

मग सगळेच पाण्यात उतरले. कोणी सांगितलं नव्हतं. दुपारभर ते बुड्या मारून दगड काढत राहिले. गुणाबाईची नाव आधी वर आली, चिखलानं माखलेली, पण लाकूड धड होतं. इस्तारीनं ती स्वतः घासून धुतली. कुंता काठावर बसून डोळे पुसत होती.

दिवस मावळतीला टेकला तेव्हा डोमाची नाव परत येताना दिसली. साहेबाला पोचवून तो घरी येत होता. त्याचं घर इथंच होतं ना, बायको, पोरंबाळं, बैल, सगळं मिठघाटावर. नावेत तो एकटाच होता. तो धारेपाशी आला तसे पाण्यातले लोक एकेक करून काठावर चढले आणि कोणी न सांगता त्यांनी रांग केली. नदीकडे पाठ. झिंगूनं पाठ केली, गुणाबाईनं केली, भाच्यानं केली, कुंता उठून त्यांच्यात जाऊन उभी राहिली. डोळ्यांसमोर सागाचं रान. फक्त इस्तारी घाटाच्या शेवटच्या दगडावर तसाच तोंड करून उभा होता.

डोमानं बांबू रोवून नाव तिरपी धरली आणि दोरी फेकली. ती हवेत वळसा घेऊन आली आणि बरोबर इस्तारीच्या हातात पडली. त्यानं झेलली नव्हती, हातांनीच झेलली. दोरी ताठली, नावेचं तोंड काठाकडे वळलं.

डोमाच्या चेहऱ्यावर हायसं वाटल्याचं दिसलं. "धर बापू," तो म्हणाला. "धरून ठेव."

इस्तारीच्या तळहाताला दोरी काचत होती. पलीकडच्या टोकाला तोच माणूस होता ज्यानं एकदा छातीभर पाण्यात शिरून हीच दोरी धरली होती. तो उपकार इस्तारी विसरला नव्हता. विसरला असता तर सोपं गेलं असतं.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमची नाव निजाची राह्यली."

त्यानं मूठ उघडली. दोरी सळसळत पाण्यात गेली. मग त्यानंही पाठ फिरवली आणि कुंताच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मागून डोमाची हाक आली, इस्तारी म्हणून, मग बापू म्हणून. मग नाव खडकावर आडवी आदळल्याचा आवाज आला. डोमाला पोहता येत होतं, आणि काठापर्यंतचं पाणी काही फार नव्हतं. तो इकडे न येता पोहत पलीकडच्या काठाला, ठेकेदाराच्या मांडवाजवळ लागला, हे पोरांनी नंतर सांगितलं. पण त्या क्षणी कोणी मान वळवली नाही. सगळे कान देऊन उभे होते. जरा वेळानं त्यांच्या पाठीमागं, खडकांच्या फटीत, मुखियाच्या नावेनं घुटका घेतला, मोठा आणि खोल, आणि या वेळेस तो साऱ्या जमातीला नीट ऐकू आला.